गुणाजीचा वन्स मोअर

गुणाजी कोचरेकर नाटकाला आलाय की नाही, हे कंपनीच्या लोकांना पडद्याआडूनच कळायचं. पद संपलं, तबल्याची शेवटची थाप पडली, की पुढच्या रांगांतून एक आवाज उठायचा, "वन्स मोअर!" असा खणखणीत की मागे पेंगणारा म्हातारासुद्धा दचकून सावरून बसायचा. मग त्याच्या पाठोपाठ सगळं थेटर ओरडायचं. पण एक आहे, फुकटचा वन्स मोअर गुणाजीनं कधी कुणाला दिला नाही. सूर जरा उतरला, तान घाईघाईत उरकली, की हा हाताची घडी घालून ढिम्म बसणार. गाणाऱ्याला समजायचं, आज गुणाजी नाराज आहे.

माणूस तसा कोण, तर कोणी नाही. जोगेश्वरीला गुंफेच्या रस्त्यावर चाळीत एक खोली, बायको सुगंधा, मूलबाळ नाही. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वीस वर्षं परळच्या गिरणीत मागावर काढली, ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडणाऱ्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर चिकटला. दारू नाही, पत्ते नाहीत, सिनेमासुद्धा नाही. सगळा जीव संगीत नाटकात, आणि त्यातही रंगविलास नाटक मंडळीच्या 'संगीत अमृतलेखा'त. ही सावंतवाडीकडची जुनी कंपनी वर्षातून एकदा मुंबईला दौऱ्यावर यायची आणि मुलुंड, घाटकोपर, बोरिवली करत मालाडला एका शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी प्रयोग लावायची. तो मालाडचा प्रयोग गुणाजीनं कधी चुकवला नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातून अक्षता टाकून उठून आला होता. सासुरवाडीला ते अजून बोलून दाखवतात.

अमृतलेखा व्हायच्या त्या मृणालिनीबाई. गुणाजीनं त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि बाई पंचविशीच्या. गावच्या जत्रेत मांडव घातला होता. दुसऱ्या अंकात राजा राणीला टाकून निघतो, आणि राणी त्याला अडवत नाही, नुसती गाते. त्या पदात एके ठिकाणी बाई वरच्या सुरावर जाऊन थांबायच्या. तबला थांबायचा, ऑर्गन थांबायचा, आणि तो एकटा सूर मांडवात उभा राहायचा. गुणाजीच्या अंगावर तेव्हा जो काटा आला, तो पुढं तीस वर्षं दर वर्षी त्याच जागी येत राहिला. मागावर उभा असताना, राशनच्या रांगेत, तापात पडलेला असताना, ते पद त्याच्या डोक्यात अथपासून इतिपर्यंत वाजायचं. एक मुरकी इकडची तिकडे नाही.

आणि वन्स मोअरची त्याला केवढी चाड! एकदा जोगेश्वरीच्या मांडवात कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीचा नट गाताना चिरकला. मागची टवाळ पोरं लागली ओरडायला, "वन्स मोअर! वन्स मोअर!" चिरकला म्हणून पुन्हा गायला लावायचं आणि पुन्हा चिरकला की खिदळायचं, असा तो वन्स मोअर. ही असली हुर्यो नाटकवाल्यांना चपलेच्या मारापेक्षा वाईट. त्या बिचाऱ्याला तीनदा गायला लावला आणि तो रडत आत गेला. गुणाजी मागं गेला, एकाची कॉलर धरली आणि फाडकन मुस्काटात दिली. "आवडलं तर माग, नाय आवडलं तर गप बस, नाय तर उठून जा," तो म्हणाला. "माणूस गातोय रे तिथं." त्या दिवशी मार गुणाजीनंही खाल्ला, चौघे होते ते.

आता जे सांगायचं ते सांगतो. गुणाजीला ऐकू येत नव्हतं.

गिरणीच्या मागांनी निम्मे कान खाल्ले होतेच, उरलेले मरोळच्या प्रेसनं खाल्ले. वर्षा-दीड वर्षात वाट लागली. जाड आवाज कळायचे, ट्रक, तबला, दारावरची थाप. बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग चिमण्या, मग बायकांची बोलणी. लोकांच्या ओठांकडं बघून तो वेळ मारून न्यायचा, आणि अगदीच कळलं नाही की मान हलवून "होय" म्हणायचा. होय म्हटलं की माणसं पुढं काही विचारत नाहीत, हे तो शिकला होता. कारखान्यात सांगायची सोय नव्हती. शेजारच्या मशीनवरच्या लवूला हाक ऐकू आली नाही, त्याची दोन बोटं गेली, आणि सुपरवायझरनं त्याला बहिरा आहे म्हणून घरी बसवलं. तेव्हापासून गुणाजीनं तोंडाला कुलूप घातलं. सुगंधाला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

मग नाटक कसं ऐकायचा? तर आठवणीतून. तबल्याची थाप कळायची, ऑर्गनचा खालचा सूर छातीत घुमायचा, बाईंचे ओठ दिसायचे. उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात भरलेलं होतंच. बाई गायच्या तिथं, आणि ऐकू यायच्या त्या पंचविशीतल्या. मधेच वाटायचं, आपण फसवतोय का रे स्वतःला? पण दुधाची तहान ताकावर, त्यातली गत. इतकं तरी मिळतंय ना, म्हणून तो गप्प बसायचा.

तेवढ्यावर राहिलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं. पण प्रयोग झाला की आठवड्याच्या आत बाईंना पत्र लिहायची त्याची जुनी सवय. कान होते तेव्हा लिहायचा, "दुसऱ्या अंकात श्वास कमी पडला, तिसरा सुरेख." कान गेल्यावरही लिहीत राहिला, फक्त आता दर वर्षी एकच, "आवाज आहे तसाच आहे, तसूभर फरक नाही." आणि बाई त्या पत्राला मानायच्या. एकदा त्यांनी उलट लिहिलं होतं, "मंडळीत सगळे तोंडावर गोड बोलतात. तुमचं पत्र आलं की मी कुठं आहे ते मला कळतं." हे कार्ड गुणाजीनं चाळभर दाखवलं. पुढं सत्याऐंशीच्या दिवाळीत दुसरं कार्ड आलं, ते मात्र त्यानं कुणाला दाखवलं नाही. त्यात लिहिलं होतं, "घशाचं दुखणं आहे. डॉक्टर गाणं बंद करा म्हणतात. मालकही म्हणतात, आता नवी मुलगी उभी करू. पण तुम्ही लिहिता आवाज तसाच आहे, आणि तुम्ही खोटं लिहिणार नाही. तुमच्या शब्दावर यंदाचा दौरा करते."

वाचून गुणाजीचं धाबं दणाणलं. तीन रात्री त्याला झोप नाही. खरं लिहावं, की बाई, मला चार वर्षं ऐकू येत नाही, माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही? दोनदा लिहायला बसला, दोनदा कागद फाडला. शेवटी ठरवलं, यंदा अगदी पहिल्या रांगेत बसायचं, जीव कानात गोळा करून ऐकायचं, आणि जे असेल ते लिहून टाकायचं. वाईट असेल तर वाईट. तेवढं आपण बाईंचं देणं लागतो.

जानेवारीतला रविवार होता. शाळेच्या सभागृहात पत्र्याच्या खुर्च्या, वर दोन पंखे, स्टेजवर लोंबते माइक. पाचशे खुर्च्यांत दीड-दोनशे माणसं आणि मागच्या भिंतीला टेकून कॉलेजची पोरं. गुणाजी पहिल्या रांगेत, ऑर्गनच्या अगदी समोर. शेजारी सुगंधा. पहिल्या अंकात त्याच्या कानाला काही लागलं नाही, नुसते ओठ आणि तबला.

दुसरा अंक. राजा गेला. बाई एकट्या उभ्या राहिल्या, आणि पद सुरू झालं.

आणि काय सांगू, गुणाजीला ऐकू आलं! पहिल्या ओळीपासून स्वच्छ, खणखणीत ऐकू आलं. एकेक हरकत, एकेक मुरकी. ऑर्गनवाला हातभर अंतरावर, त्याचा सूर छातीतून वर चढत होता, आणि त्याच्यावर बाईंचा आवाज, तोच, जत्रेतला. गुणाजीनं सुगंधाचा हात घट्ट धरला. कान उघडले! गावच्या रवळनाथानं ऐकलं! त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाई त्या वरच्या जागेवर गेल्या, तबला थांबला, ऑर्गन थांबला, आणि तो सूर सभागृहात एकटा उभा राहिला. अंगावर तोच काटा. देवा रे देवा, तोच.

पद संपलं. टाळी नाही. गुणाजीनं मागं वळून पाहिलं तर माणसं माना खाली घालून बसलेली. हा संतापला. सोन्यासारखं गाणं झालं आणि मुडद्यांना टाळीसुद्धा वाजवता येत नाही? तो ताडकन उठला. सुगंधानं त्याचा शर्ट मागून धरला. त्यानं हिसका मारून सोडवला.

"वन्स मोअर!"

बाई आत वळल्या होत्या, त्या थांबल्या. पहिल्या रांगेकडं पाहिलं. गुणाजी दिसला. त्यांच्या तोंडावर काय आलं ते त्याला नीट कळलं नाही. रंग लावलेला, वर दिवे. त्याला वाटलं, गहिवरल्या. रंगविलास मंडळीचा चाळीस वर्षांचा रिवाज होता, प्रेक्षकानं मागितलेला वन्स मोअर परतवायचा नाही, आणि बाईंनी तो कधीच मोडला नव्हता. त्यांनी हात जोडले आणि ऑर्गनवाल्याला खूण केली.

दुसऱ्यांदाही गुणाजीला तस्संच ऐकू आलं. आणि या वेळी संपल्यावर मागच्या भिंतीकडं हात वर झाले. पोरांची तोंडं उघडली, "वन्स मोअर, वन्स मोअर." गुणाजीचा ऊर भरून आला. झाली एकदाची जागी मंडळी! तो पोरांकडं वळून दोन्ही हात वर करून त्यांना जोर देऊ लागला, अजून, अजून! पोरं आणखी चेकाळली. बाई तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. अर्ध्या ओळीत त्यांनी गळ्याला हात लावला. तबलजीनं तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

बाईंचे ओठ मिटले होते, आणि गुणाजीच्या कानात पद चालूच होतं.

तेव्हा त्याला कळलं. पडदा भराभर ओढला गेला. मागची पोरं पोट धरून हसत होती. सुगंधा रडत होती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द ओठांवर आणून सांगितलं, "बाईंचो आवाज फाटलो हा. पयल्यापासून. लोक दया येऊन गप होते. तुमी उठवलात सगळ्यांका."

गुणाजी खुर्चीत बसला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. ज्या हुर्योसाठी त्यानं एकाला बडवलं होतं, तीच आज त्यानं हात वर करकरून करवली होती, आणि कुणाची, तर बाईंची.

नाटक तिथंच थांबलं. मालक जयवंतराव पडद्यापुढं येऊन हात जोडून काहीतरी बोलले, लोक उठले. सुगंधा म्हणत होती घरी चला, पण गुणाजी आत गेला. एका वर्गात बाकं सरकवून रंगपटाची जागा केली होती. मृणालिनीबाई पेटीवर बसल्या होत्या, पाठ दाराकडं, पुढं भिंतीला टेकवलेला आरसा. खोबरेल लावून तोंडावरचा रंग पुसत होत्या. आरशात त्यांना गुणाजी दिसला, आणि गुणाजीला त्यांचे ओठ.

"या," बाई म्हणाल्या. "हुर्यो करायला ती मागची पोरं होती की, गुणाजीराव. तुम्ही कशाला?"

एकच वाक्य, 'बाई, मला ऐकू येत नाही.' एवढं म्हटलं की तो सुटत होता. सुगंधा तर बोलायला पुढं झालीच होती. पण त्याच वाक्यानं बाईंची चार वर्षं जात होती. ज्या पत्रांच्या भरवशावर त्या डॉक्टरशी भांडल्या, मालकाशी भांडल्या, रंग लावून उभ्या राहिल्या, ती सगळी एका बहिऱ्याची पत्रं होती, असं त्यांना कळलं असतं. आजचा अपमान एका दिवसाचा. त्यानं सुगंधाचं मनगट धरलं आणि तिला मागं ओढलं.

"चुकलं, बाई," तो म्हणाला. "मस्करी केली. माकडासारखा वागलो."

बाई आरशातून त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले, "मग मागल्या वर्षीचं पत्र? ती पण मस्करी?"

"नाय, नाय बाई!" गुणाजी जवळजवळ ओरडला. "ते खरं. अक्षरन् अक्षर खरं. रवळनाथाची शपथ."

उभ्या जन्मात त्यानं रवळनाथाची खोटी शपथ घेतली नव्हती. ही खरी की खोटी, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बाईंनी टॉवेल उचलला आणि त्यात तोंड घातलं. खसाखसा पुसू लागल्या. आरशात आता नुसता टॉवेल. त्यांचे खांदे थांबले, मान जरा त्याच्याकडं कलली, म्हणजे काहीतरी बोलल्या असाव्यात. गुणाजीनं वाट पाहिली. टॉवेल हलला नाही. पुन्हा विचारायचं तर सगळंच उघडं पडणार.

"होय, बाई," तो म्हणाला आणि मान हलवली.

टॉवेल तसाच राहिला. गुणाजीनं लांबूनच नमस्कार केला आणि बाहेर आला.

शाळेच्या फाटकाबाहेर कंपनीचा ट्रक उभा होता, त्यात राजवाड्याचे पडदे चढवत होते. ऊन अजून होतं. सुगंधा खाली बघत चालत होती, बसस्टॉप आला तरी तिनं वर पाहिलं नाही. गुणाजीनं तिचा दंड धरला.

"शेवटी काय बोलली गो बाई? टॉवेलातून?"

सुगंधानं तोंड फिरवलं. त्यानं तिला धरून आपल्याकडं वळवलं.

"सांग मगे."

"त्यांनी विचारल्यान," सुगंधा हळूहळू म्हणाली, त्याला दिसेल असं, "'तर मग आता गाणं सोडू मी?' आणि तुमी होय म्हणालास."

गुणाजी मागं वळला आणि शाळेकडं चालू लागला. चालला कसला, धावलाच. "तिका सांगतंय," तो पुटपुटत होता, "तसा नाय म्हणून सांगतंय, चार दिवस आराम कर, दुखणा बरा होतला, मागल्या वर्षीपर्यंत तर..." ट्रकपाशी आला आणि त्याचे पाय थांबले. मागल्या वर्षीपर्यंत काय? सुगंधा धापा टाकत मागून आली. दर वर्षी ती त्याच्या शेजारीच बसायची. तिचे कान चांगले होते. दर वर्षी तो पत्र लिहून तिला वाचून दाखवायचा आणि ती पाकिटाला डिंक लावायची.

"सुगंधा," तो म्हणाला, "खरा सांग. मागल्या वर्षी कसो होतो आवाज?"

ती ट्रकात चढणाऱ्या पडद्यांकडं बघू लागली.

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

तिनं मान हलवली. नुसती, आडवी.

"मगे सांगलंस कित्याक नाय? पत्रां माझ्यासमोर चिकटवलंस! तोंडातून एक शब्द काढूचो होतो!"

सुगंधानं पदरानं डोळे पुसले, आणि त्याला कळावं म्हणून तोंड वर केलं. "सांगणार होतंय. दर वर्षी," ती म्हणाली. "पण पत्र लिवताना तुमी गुणगुणायचात. बाकी वरसभर घरात तुमचो आवाजच नसायचो."